गोरिवलेमामांची पट्टी

पायाच्या जखमेवर बांधायची पट्टी इस्त्री करून आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे पेशंट आपापल्या पट्ट्या खिशात कोंबून, नाहीतर ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत गोळा करून आणत. गोरिवलेमामा लाँड्रीच्या पारदर्शक पिशवीत आणत. घड्या इतक्या सारख्या असत की हॉटेलातल्या टेबलावरचा रुमालच कुणीतरी आणून ठेवलाय असं वाटे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते.

"मामा, ही इस्त्री केलीत तुम्ही?"

"मंग? दवाखान्यात येतो मी. चुरगळलेली आणू?"

मग मला समजावून सांगावं लागलं. ही पट्टी ताणली जाते, पाय दाबून धरते, आणि त्या दाबामुळेच पायात साठलेलं रक्त वर चढायला मदत होते. गरम इस्त्रीनं तिचा ताण मरतो. मग ती नुसतं फडकं उरते. मामांनी पिशवीतली पट्टी काढली, दोन्ही टोकं धरून ओढली. ती जेमतेम बोटभर वाढली.

"म्हणजे चार महिने मी मेलेली पट्टी बांधत होतो?"

"हो मामा."

त्यांनी पट्टीची पुन्हा घडी घातली. "सव्वीस वर्षं लोकांना सांगतोय, सुरकुती नाय म्हणजे कापड बरा. बघ आता."

मी त्यांना नवीन पट्टी दिली. हातानं धुवायची, सावलीत वाळवायची, इस्त्री बिलकूल नाही. आणि ठरावीक धुण्यांनंतर ती बदलावी लागते, म्हणून प्रत्येक धुण्याला कोपऱ्यावर एक खूण करायची. मामांनी लगेच खिशातून लाँड्रीचं काळं पेन काढून दाखवलं. धुतलं तरी न जाणाऱ्या शाईचं. "ती तर माझी सवयच हाय, बाय. खुणेशिवाय कापड आमच्याकडे पाण्यात जात नाय."

त्या खुणांविषयी मला पुढे लिहायचं आहे. खरं म्हणजे हे सगळं मी त्याचसाठी लिहिते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुबईत अल क्वोजच्या औद्योगिक भागात, टायरच्या एका वर्कशॉपशेजारी आमचं छोटं क्लिनिक आहे. येणारे बहुतेक जण आसपासच्या लेबर कॅम्पमधले. राहते शारजाला, अल मजाजमध्ये, तिघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये. मूळ गाव साताऱ्याकडचं पाटण. वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. शाळा मराठी माध्यमाची, आणि आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही. आमच्या घरात मार्कांना काय किंमत होती ते कळावं म्हणून सांगते. दरवर्षी निकाल लागला की वडील माझी गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून डेपोत नेत आणि ग्रीसचे हात पुसून एकेकाला दाखवत. मी शिकले ती त्या आकड्यांच्या जोरावर. त्यामुळे कागदावर आकडा आला की गोष्ट खरी झाली, असं मला लहानपणापासून वाटत आलं. ही सवय मला कुठे घेऊन जाईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

महादेव गोरिवले गुहागरकडचे. वय चोपन्न, अंगानं काटक, केस मेंदीनं तांबूस केलेले. एका मोठ्या लाँड्रीत ते प्रेसवाले होते, आणि त्यातही कंदुऱ्याचे प्रेसवाले. कंदुरा म्हणजे इथले अरब पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा झगा. त्याच्या बाहीवर नको तिथे एक रेघ उमटली तरी गिऱ्हाईक तो परत पाठवतं. मामांच्या हातून गेलेला कंदुरा कधी परत आला नाही, असं ते सांगत आणि त्यांच्या कॅम्पमधली माणसंही सांगत. वाफेच्या प्रेसला खाली पेडल असतं. उजव्या पायानं पेडल दाबायचं आणि सगळा भार डाव्या पायावर. दिवसाचे दहा तास, सव्वीस वर्षं. डाव्या पायाच्या शिरा आधी फुगल्या, मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, मग एका ट्रॉलीचा कोपरा तिथे लागला आणि जखम झाली. मी भेटले तेव्हा त्या जखमेला अकरा वर्षं झाली होती. मध्येमध्ये भरायची, पुन्हा उघडायची.

जखमेला वास येई. मामा बुटावर अत्तराचे दोन थेंब टाकून येत. कॅम्पच्या खोलीत आठ जण होते आणि मामांनी आपणहून दाराजवळची खाट घेतली होती. "वारा लागतो तिथं," एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं.

कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर "माफी मुश्किल" असे. मोडक्या अरबीत त्याचा अर्थ, काही अडचण नाही. पाय कसा आहे? माफी मुश्किल. बस मिळाली का? माफी मुश्किल. एकदा क्लिनिकचा एसी बंद पडला होता आणि सगळे घामाघूम होऊन बसले होते. मामा रुमालानं मान पुसत म्हणाले, "आमच्या प्रेसपुढे उभी राहा एकदा. हा तर तुला महाबळेश्वर वाटेल." मला मात्र ते सोडत नसत. माझ्या पांढऱ्या एप्रनकडे बघून पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ही कॉलर कुणी प्रेस केली गो? दुश्मनानं?"

विजेचं यंत्र आमच्याकडे आलं ते माझ्या हट्टामुळे. पायाच्या जुन्या जखमांचं दुखणं फार वाईट असतं. गोळ्यांनी पोट बिघडतं, आणि दुखणं तर राहतंच. जखमेच्या भोवती चिकटपट्ट्या लावून अगदी सौम्य वीज सोडली तर बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं, हे मी शिकले होते आणि प्रशिक्षणात पाहिलंही होतं. क्लिनिकचे डॉक्टर जेकब केरळचे, मनानं चांगले, पण हिशेबी. त्यांनी कंपनीकडून यंत्र चाचणीसाठी मागवलं आणि मला सांगितलं, "फोर मंथ्स. देन शो मी नंबर्स. नंबर्स चांगले आले तर ठेवू, नाहीतर खलास, परत." माझी नोकरीही तेव्हा कच्चीच होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दोघांनाही माहीत होतं.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. त्यातून चार वायरी निघत. ते पाहूनच माणसं मागे सरली. ज्यांचं आयुष्य साइटवर गेलंय त्यांना करंट म्हणजे काय ते नीट ठाऊक असतं. गुल खान नावाचा एक पेशावरचा ड्रायव्हर होता, मामांच्याच लाँड्रीची गाडी चालवणारा. त्याच्या नडगीवर भाजल्याची जखम होती, वर्षभर न भरलेली. तो सरळ उठून दाराकडे निघाला. मामा आपला पाय स्टुलावर ठेवत म्हणाले, "बाय, आधी माझ्यावर लाव." आणि खानाला हिंदीत, "बैठ रे. मैं मरा तो मेरा खाट तू ले ले. दरवाजे के पास है, हवा आता है."

मी यंत्र सुरू केलं. मामांनी डोळे मिटून घेतले. दोन मिनिटांनी म्हणाले, "मुंग्या हायत. पण चावत नायत." आणि आणखी थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, "खान, आजा."

दर वेळी सुरुवातीला मी पेशंटला एकच प्रश्न विचारी. दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. पहिल्या दिवशी मामा म्हणाले होते, नऊ. आठवड्यातून तीन वेळा, पाऊण तास, ड्यूटी सुटल्यावर ते येत. तिसऱ्या आठवड्यात आकडा पाचावर आला, सहाव्या आठवड्यात तिनावर. हे आकडे खरे होते. हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण नंतर जे झालं त्यावरून कुणी त्या उपचारालाच नावं ठेवू नयेत. मामांचा चेहरा बदलला होता. एक दिवस आले ते बसायच्या आधीच म्हणाले, "काल सलग सहा तास झोपलो. सकाळी उठून आधी पाय हाय का बघितला."

त्याच दिवशी त्यांनी मला जाखडीबद्दल सांगितलं. गौरी-गणपतीत त्यांच्या वाडीतले पुरुष अंगणात गोल करून नाचतात, मधोमध ढोलकी आणि गाणारा बसतो, आणि नाचणाऱ्यांच्या पायांत चाळ असतात. मामा गोलातले पुढचे नाचणारे होते. जखम झाल्यापासून त्यांनी एकदाही गणपतीत सुट्टी घेतली नव्हती. शिमग्याला जात, उन्हाळ्यात जात, पण गणपतीत नाही. "कडेला बसून बघायचा तर कशाला जाऊ?" यंदा मात्र त्यांनी सुट्टीचा अर्ज टाकला होता. "एकच फेरी नाचीन. सगळ्यांच्या पाठी. पण चाळ बांधून." आणि स्टुलावरचा पाय तसाच ठेवून, वायरी न हलवता, दुसऱ्या पायानं त्यांनी फरशीवर ठेका धरला. ड्रेसिंग करणारी शायनी सिस्टर केरळची, तिला एक शब्द कळला नव्हता, पण तीही हातातली कात्री थांबवून बघत राहिली.

मला वाटलं, या माणसाला मी नाचवणार. असं वाटण्यात चूक नव्हती. चूक पुढे केली. मी मामांना यंत्राची सगळी गोष्ट सांगून टाकली. चार महिन्यांची मुदत, डॉक्टरांना दाखवायचे आकडे, यंत्र राहिलं तर खानासकट आणखी आठ-नऊ जणांची सोय. "मामा, तुमचे आकडे सगळ्यांत चांगले आहेत. तुमच्या जोरावरच हे यंत्र राहणार बघा." आनंदात बोलले. पेशंटला असं काही सांगायचं नसतं, हे कॉलेजात शिकवलेलं होतं.

मामा म्हणाले, "आणि तू?"

"मी पण राहीन बहुतेक."

"माफी मुश्किल," मामा म्हणाले.

त्यानंतर त्यांचा आकडा दोन झाला. मग एक. एकावरच थांबला. मी दर वेळी तो रकान्यात लिहीत होते आणि उतरत गेलेली रेघ पाहून मला शाळेतल्यासारखंच वाटत होतं.

एक दिवस ड्रेसिंग करताना शायनी म्हणाली, "ही कड बघ. जाड झालीये, वर आल्यासारखी. मला आवडत नाही."

मी म्हटलं, "पण दुखणं एकावर आहे."

दोन आठवड्यांनी ती पुन्हा तेच म्हणाली. म्हणाली, वासही वेगळा येतोय. मी पुन्हा रकान्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी एकदा पाय पाहिला, मग माझा कागद पाहिला, आणि म्हणाले, "पेन इज डाउन. कंटिन्यू." मामा मान वर करून आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत होते. मग त्यांनी नवीन धुतलेली पट्टी पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. मी ती त्यांच्या पायाला बांधली.

चौथ्या महिन्याच्या शेवटी मी डॉक्टरांना आकडे दाखवले. यंत्र राहिलं. माझी नोकरी पक्की झाली. मी घरी फोन केला, तेव्हा वडिलांनी विचारलं, "लेखी दिलं का?" मी पत्राचा फोटो पाठवला. त्यांनी तो डेपोतल्या जुन्या सोबत्यांना पाठवला असणार.

त्याच आठवड्यात गुल खान उपचार संपल्यावर गेला नाही. त्याची जखम जवळजवळ भरत आली होती. मामा बाहेर गाडीत जाऊन बसले होते. खान दाराशी घुटमळला. मला तो बाजी म्हणे, म्हणजे ताई.

"बाजी, एक बात बोलूँ? मामा को नहीं बताना."

"बोलो."

"तुम्हारा मामा झूठ बोलता है. दर्द कम नहीं है. गाडी में बैठता है तो सीट पकड के रोता है. मैं रेडिओ का आवाज बडा करता हूँ, वो समझता है मेरेको पता नहीं."

मी तशीच बाहेर गेले. दुपारचे चार वाजले होते आणि रस्त्यावर डोळे उघडवत नव्हते. मामा गाडीच्या पुढच्या सीटवर होते. मला पाहून त्यांनी सीटवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मामा, खरं सांगा. दुखतंय ना?"

"माफी मुश्किल."

"मामा, मी दर वेळी विचारत होते."

ते समोरच्या काचेकडे वळले. मग हळूच म्हणाले, "तू विचारत होतीस तो त्या कागदासाठी, बाय. तुला मी दर वेळी लिहून दिला. तू वाचला नायस."

"काय लिहून दिलं?"

त्यांनी वाकून पँट वर सरकवली. पट्टीचं सुरुवातीचं टोक बोटांजवळ, सगळ्यात आत असतं. ते दिसायला सगळी पट्टी सोडावी लागते. तिथेच, गाडीचं दार उघडं ठेवून, मी गुडघ्यांवर बसून ती सोडली. कोपऱ्यात काळ्या शाईनं खुणा होत्या. त्या मी कितीदा पाहिल्या होत्या. धुण्याच्या खुणा समजून एकदाही नीट वाचल्या नव्हत्या. शायनीनंही पाहिल्या होत्या, पण तिला ते लाँड्रीचे काहीतरी नंबर वाटले. ते मराठी आकडे होते. बारीक, लाँड्रीवाल्याच्या सराईत हातानं एका ओळीत काढलेले. ४, ४, ५, ६, ६, ७, ७, ८, ८, ८, ९. त्या क्लिनिकमध्ये ते वाचू शकेल अशी मी एकटीच होते.

"इंग्रजीत टाकले असते तर डॉक्टरानं वाचले असते. मशीन गेला असता," मामा म्हणाले. "तोंडानं खोटा सांगता येतो. कापडावर खोटा नंबर टाकायचा नसतो. माल हरवतो."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? तोंडानं?"

"तू इतकी खुशीत होतीस." मग माझ्या हातातली पट्टी गुंडाळायला घेत, "आणि मला पण तोच नंबर ऐकायचा होता ना. एक. गणपतीत नाचायचा होता."

गाडीत खान नव्हता. तो टायरच्या वर्कशॉपपाशी पाठ करून उभा होता.

दुसऱ्याच दिवशी शायनीनं सांगितलेल्या त्या कडेचा तुकडा तपासायला गेला. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत कधीकधी कॅन्सर होतो. फार जणांना होत नाही, पण होतो. आणि अशा जखमेचं आधी उतरलेलं दुखणं काही कारण नसताना पुन्हा चढू लागलं, तर ती धोक्याची घंटा समजायची असते. मामांच्या जखमेत तो होता. अशा जखमेवर विजेचं ते यंत्र लावायचंच नसतं, हेही मला परीक्षेत येत होतं. त्या प्रश्नाचे मला पूर्ण मार्क मिळाले असतील. मी आठवड्यातून तीनदा, पाऊण पाऊण तास, ते लावत होते.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पट्टीसकट. त्यांनी पट्टी हातात घेऊन ते आकडे पाहिले. त्यांना वाचता येत नव्हते. मी एकेक वाचून दाखवला. ते म्हणाले, "मी पण पाय पाहिला होता. मी पण कागदच वाचला." मी विचारलं, दोन महिने आधी कळलं असतं तर पाय वाचला असता का? ते म्हणाले, "मे बी. मे बी नॉट." या उत्तरात मला कितीही शोधलं तरी दुसरा अर्थ सापडत नाही. ते जसं आहे तसंच मी जवळ ठेवलं आहे.

पाय गुडघ्याखाली कापला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मामा क्लिनिकमध्ये आले होते. तपासायला नाही. खुंटीवरचा माझा एप्रन मागायला. संध्याकाळी खानाच्या हाती तो परत आला, लाँड्रीच्या पिशवीत. मामा आजारी रजेवर होते, तरी एवढ्यासाठी ते प्रेसपुढे उभे राहिले होते, खान म्हणाला. कॉलर अशी बसली होती की मी तो दोन दिवस घातलाच नाही. मग घातला. मग धुतलाही. एप्रन धुवावाच लागतो.

लाँड्रीच्या कंपनीनं त्यांना घरी पाठवलं ते गणपतीच्या तीन आठवडे आधी. सुट्टीचा त्यांचा अर्ज मंजूर झाला होता तो याच तारखांचा. खानाच्या गाडीतून मी आणि शायनी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. व्हीलचेअरवर ते ताठ बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पँटचा रिकामा पाय दुमडून सेफ्टी पिन लावलेला, ती दुमडही सरळ रेषेत. मी एवढंच म्हटलं, "मामा, माझं चुकलं."

ते म्हणाले, "कापड दोघांनी मिळून खराब केला, बाय. एकटीच्या नावावर लावू नको."

मग खानाकडे वळून, "खाट तेरा. बोला था ना." खानानं खाली वाकून त्यांच्या खांद्याला डोकं टेकवलं. तो सहा फुटांचा माणूस होता. त्याला बरंच वाकावं लागलं.

मामा वारले त्यानंतर पाच महिन्यांनी. त्यांची मुलगी सुप्रिया, तिनं मला फोन केला. आजार वर मांडीपर्यंत चढला होता. तिनं सांगितलं की गणपतीत ते अंगणात नाचणाऱ्यांच्या जवळ आले नाहीत. ओटीवर खुर्चीत बसून होते. पण नाचाच्या आदल्या दिवशी त्यांनी वाडीतल्या सगळ्या नाचणाऱ्यांचे कपडे मागवून घेतले आणि खाटेवर बसून, मांडीवर फळी घेऊन, एकेक इस्त्री केले. बारा जणांचे. "बाबा म्हणाले, बसून पण करता येतो, एवढी वर्षं उगीच उभा राहिलो," असं सुप्रिया म्हणाली.

शेवटी तिनं विचारलं, "ताई, त्यांच्या बॅगेत एक पट्टी होती. तुम्हांला द्या म्हणाले होते. काय करू?"

मी पाठवायला सांगितली. गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती आली, लाँड्रीच्याच पिशवीत. घड्या केलेली, पण इस्त्री न केलेली. मी ती शेवटपर्यंत उलगडली. कोपऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती त्यांच्याजवळची न वापरलेली दुसरी पट्टी होती, एवढंच. तरी मी दुसरं टोकही पाहिलं. मग दोन्ही टोकं धरून ओढून पाहिली. ती नीट ताणली गेली.

यंत्र अजून क्लिनिकमध्ये आहे. बऱ्याच जणांचं दुखणं त्यानं उतरतं, खरोखर उतरतं. खानाची नडगी आता पूर्ण भरली आहे आणि तो दर महिन्याला कुणातरी नव्या माणसाला दंडाला धरून घेऊन येतो. नवा माणूस वायरींकडे बघून मागे सरतो. मी त्याला विचारते, दुखणं किती? तो माझ्या तोंडाकडे बघतो, भिंतीवरच्या डॉक्टरांच्या नावाकडे बघतो, आणि म्हणतो, दोन.

मी दोन लिहिते. मग शायनीला हाक मारते, पेन खाली ठेवते, आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून त्याची पट्टी स्वतःच्या हातानं सोडायला घेते, अगदी आतल्या टोकापर्यंत.